सुळक्यापाशी, बावीस मीटरवर

लालबाग, १७ फेब्रुवारी २०२५

रुचा,

मी मंगळवारी घरी पोचलो. तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. तुमच्या बेटावर जेट्टीकडून येताना पोस्ट दिसलं होतं, तेव्हा मिळेल असं धरून चालतो. चार वर्षांत बाबांनी एक ओळ लिहिली नाही आणि आता बरं सुचतंय, असं म्हणशील. म्हण.

आई सांगते की तुझ्या डाव्या हाताच्या मुंग्या गेल्या, कानाला मात्र वेळ लागेल. पोर्ट ब्लेअरला हवेच्या दाबाच्या त्या बंद टाकीत उपचाराला तुला दोनदा ठेवलं, हे मला ध्रुवकडून कळलं. आईला नाही सांगितलं. तू तिला 'पाण्याचा दाब लागला' एवढंच सांगितलंयस, मीही तेवढंच सांगितलं. पण ती सारखी माझ्याकडे बघत असते. काल तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुमी होतास मा बरोबर? मग चेडवाक झाला नि तुमका कायच नाय, ह्या कसा?"

मी म्हटलं, समुद्राचं काही सांगता येत नाही. उठून गॅलरीत गेलो.

त्या दिवशी काय झालं ते माझ्या बाजूने लिहितो, कारण ध्रुव बोटीवर जे बोलला ते मला पटलेलं नाही. डायव्हिंग सेंटर त्याचं, तू त्याच्याकडे शिकवतेस, तो तुझी बाजू घेणारच. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अंकल पॅनिक हो गये." मी एकतीस वर्षं मुंबईच्या गोदीत डायव्हर होतो, रुचा. जहाजांच्या पंख्यांत गुंतलेले दोर कापलेत, बुडालेल्या लाँचा काढल्यात. तिथे पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. चाचपून काम. आणि तुमच्या त्या काचेसारख्या पाण्यात, रंगीत मासे बघायला गेलेला माणूस पॅनिक होईल?

जाकिटात हवा भरायचं बटण अडकलं. हवा भरत गेली, मी वर गेलो, तू माझा पाय धरून मला खाली ओढत राहिलीस. त्यात तुझा कान गेला. मशीनचा दोष. आणि खरं सांगायचं तर पाण्याखालच्या त्या सुळक्यापाशी तू माझं मनगट एवढं आवळलं होतंस की वळ अजून आहे.

डॉक्टर सांगतील तेवढे दिवस आराम कर.

बाबा


२ मार्च

रुचा,

वरच्या मजल्यावरच्या अनुजाने तिच्या फोनवर मला ध्रुवची ईमेल वाचून दाखवली. चौकशी संपेपर्यंत तुला कुणालाही पाण्यात न्यायला बंदी, शिकवायलाही बंदी. तुझ्या लायसनचंही काही खरं नाही असं दिसतं. त्याने मला विचारलंय की उपकरणात काही बिघाड होता का. जाकीट त्यांनी तपासलं, बटण चांगलं चालतंय.

माहीत आहे मला. बटण अडकलं नव्हतं. मीच दाबलं, आणि दाबून धरलं.

अजून एक. तू पहिल्या दिवशी मला तो फॉर्म दिला होतास, आजार आहेत का, गोळ्या चालू आहेत का. मी सगळ्याला 'नाही' अशी खूण केली. तू वाचून म्हणालीस, "बाबा, बीपी नाही ना? नक्की?" मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार." आईला तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक होतं, कारण तुला ती चार दिवसांची गंमत बिघडवायची नव्हती. गोळ्यांचं पाकीट मी मोज्यात लपवून नेलं होतं. आता हे लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा एवढंच डोक्यात होतं की पोरीने चार वर्षांनी बोलावलंय, आणि एका गोळीपायी मी बोटीवर बसून राहायचं?

ध्रुवला मी उत्तर पाठवलं. मी सांगत गेलो, अनुजा इंग्रजीत टाइप करत गेली. मधेच थांबून म्हणाली, "काका, 'अस्वस्थ वाटलं' असं लिहू का? बरं दिसेल."

मी म्हटलं, "नको. पॅनिक लिही. फॉर्म खोटा भरला तेही लिही. रुचाने विचारलं होतं, तेही."

एवढं तरी झालं. पण घाबरलो कशाला, हे मला अजून कळत नाही. मी पहिल्यापासून आठवून बघतो. बोट तासभर नुसत्या निळ्या पाण्यातून गेली, जमीन कुठे नाही. दोराला धरून उतरलो. चौदा मीटरवर सुळक्याचं टोक आलं. मी खाली पाहिलं तर तो भिंतीसारखा उतरत गेला होता, त्यावर पंख्यांसारखी पोवळी, जांभळी, पिवळी, आणि त्याच्या खाली पाणी अजून निळं, अजून निळं, मग काळं. मला वाटलं मी उंच गच्चीच्या कठड्याबाहेर पाय टाकलाय आणि पडत नाहीये. गोदीत खोली फक्त कानाला कळते, डोळ्यांना कधी कळली नव्हती. म्हणून असेल. म्हाताऱ्या माणसाला इतकं एकदम दिसू नये.

पण तेव्हा मी तुला बोटांनी 'ठीक' असं दाखवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आवडत होतं मला. मग बावीस मीटरवर काय झालं?

तुला काही कळलं असेल तर सांग. एका ओळीत सांगितलंस तरी चालेल.

बाबा


९ मार्च

रुचा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

मी एक प्रयोग केला. हसू नकोस. दादरच्या तरणतलावात सकाळची ज्येष्ठांची बॅच असते, तिथे नाव घातलं. म्हटलं, स्वच्छ पाण्याची भीती असेल तर तिथेही वाटेल. शिकवायला प्रिती म्हणून मुलगी आहे, तुझ्याच वयाची. तिला मी पोहता येतं एवढंच सांगितलं. गॉगल लावला, खोल बाजूला गेलो, तोंड पाण्यात घालून खाली बघत राहिलो. तळाच्या फरशा मोजता येत होत्या. काही नाही झालं. दोनदा तळाला हात लावून आलो. प्रिती वरून ओरडली, "काका, तुम्ही तर मासाच आहात!"

तीन दिवस असंच. मी खूश. मग वाटलं, म्हणजे त्या दिवशी तब्येतच बिघडली असणार, बीपी चढलं असणार. माणसाला आपल्यापुरतं एक कारण मिळालं की बरं वाटतं.

चौथ्या दिवशी माझ्या शेजारी माटुंग्याचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा पाय घसरला आणि आधाराला त्यांनी माझं मनगट धरलं. पाच फूट पाणी, रुचा. मी त्यांना झटकलं. नुसतं झटकलं नाही, दुसऱ्या हाताने त्यांची बोटं पिळून काढली. मास्तर पाण्याखाली गेले, नाकातोंडात पाणी गेलं. प्रितीने उडी मारून त्यांना काठाला लावलं.

"काका, काय करताय तुम्ही? ते तर आधार घेत होते!"

मी म्हटलं, "माफ करा." मास्तर खोकत खोकत म्हणाले, "अहो, होतं असं." बिचारा चांगला माणूस. पण प्रितीने मला बाहेर बसवलं आणि म्हणाली, डॉक्टरचं पत्र आणल्याशिवाय उद्यापासून येऊ नका.

बाकावर टॉवेल गुंडाळून बसलो होतो. तेव्हा आठवलं. सुळक्यापाशी एकदम प्रवाह आला होता, आणि मी बाहेर वाहून जाऊ नये म्हणून तू माझं मनगट धरलंस. त्याच क्षणाला ते झालं. पाण्याचा त्यात काही दोष नाही.

आईने विचारलं, आज लवकर कसे? मी म्हटलं, तलाव साफ करतायत.

बाबा


१६ मार्च

रुचा,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

तुला रघूकाका आठवतात का? रघू, वरळी कोळीवाड्यातले, माझ्याबरोबर कामाला होते. तू त्यांच्या खांद्यावर बसून नारळी पौर्णिमेला होड्या बघायला गेली होतीस. तू सात वर्षांची असताना ते गेले. घरात सांगितलं गेलं की गोदीत अपघात झाला. ते खरं आहे.

एक जुनी लाँच बुडाली होती. तिच्या पोटाखालून वायर काढायची, मग वरून क्रेनने उचलायची. आम्ही दोघं खाली. हवा वरून नळीने यायची, कमरेला दोरी, दोरी ओढून खुणा करायच्या. चार ओढी म्हणजे वर घ्या. लाँच चिखलात बसलेली होती. ती सरकली. मला दिसलं नाही, नुसतं पाणी छातीवर ढकललं गेलं. मी रघूला चाचपू लागलो, आणि त्याच्या हातात माझं मनगट आलं. लाँच त्याच्या पायांवर आली होती, आणि बहुतेक नळीवरही, कारण त्याची पकड हवा चालू असलेल्या माणसाची नव्हती. मी लाँचला खांदा लावला. काही उपयोग नव्हता. मग ती परत कुरकुरली. लाकडाचा तो आवाज हेल्मेटमध्ये फार मोठा येतो.

मी दोरी चारदा ओढली. वरचे मला ओढायला लागले. रघूने सोडलं नाही. मी दुसऱ्या हाताने त्याची बोटं उघडली. एकेक करून. शेवटचं बोट करंगळी होती.

वर आल्यावर मी म्हटलं, अंधारात सापडला नाही. सगळ्यांनी मान हलवली, कारण तिथे कुणीच कुणाला सापडत नाही. दुसरे दोघं उतरले. चाळीस मिनिटांनी त्याला वर आणलं. मी पुढे अकरा वर्षं तेच काम केलं. मला कुणी काही विचारलं नाही, शेवंतीनेही नाही. शेवंती म्हणजे त्याची बायको. दिवसांना गेलो तर तिने मला चहा दिला.

मी राहिलो असतो तर तो वाचला असता का? बावीस वर्षं विचारतोय. कधी वाटतं, नाही, दोघं गेलो असतो, तुझं आणि आईचं काय झालं असतं? कधी वाटतं, अजून एकदा खांदा लावायला हवा होता. कधी वाटतं, वाचवणं जाऊ दे, नुसता हात धरून राहिलो असतो तर काय बिघडत होतं? उत्तर दर वेळी निराळं येतं आणि दर वेळी खरं वाटतं.

तू नोकरी सोडून बेटावर डायव्हिंग शिकवायला चाललीस, तेव्हा मी म्हटलं होतं, पाण्यात जायचं असेल तर या घरात पाय ठेवू नकोस. तुला वाटलं, बाबांना मुलीने असलं काम केलेलं नको. तसं नव्हतं. पण कसं होतं ते तरी मी तेव्हा कुठे सांगितलं?

सुळक्यापाशी तू मनगट धरलंस आणि मी खाली पाहिलं. हात दिसला, रुचा. गोदीत तो मला कधीच दिसला नव्हता. एवढ्या उजेडात, पाचही बोटं. तुझी होती, पण मला ती तुझी वाटली नाहीत. त्यानंतरचं मला काही धड आठवत नाही. तुझा मास्क माझ्या हाताला लागून निघाला, एवढं आठवतं. डोळे उघडे ठेवून तू माझ्याकडे बघत होतीस.

बाबा


२४ मार्च

रुचा,

आईला सांगितलं. सगळं, तुझ्या मास्कसकट.  तिसऱ्या दिवशी सकाळी ती साडी बदलून दारात उभी राहिली. म्हणाली, "चला कोळीवाड्यात. मी येतंय."

शेवंतीचं घर तेच आहे, वर एक मजला चढवलाय. ती ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. केस पांढरे झालेत. आधी तिने मला ओळखलं नाही, आईला ओळखलं, 'नलू' म्हणून हाक मारली. मग म्हणाली, "गुणाजी? कितीक वर्षांनी! बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्या उभ्या सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. मधे एक बाई भाव विचारायला आली, शेवंतीने तिला हाताने पुढे जा म्हणून सांगितलं. मी संपवलं. तिने पुढ्यातले बोंबील बाजूला सारले.

"किती वेळ धरला होता त्याने?"

"माहीत नाही, वहिनी. एक मिनिट असेल."

"असेल काय? नीट सांग."

मी डोळे मिटून मोजायचा प्रयत्न केला. "मिनिटाच्या वर. दोन नसेल."

"आणि तेव्हा जिवंत होता."

"हो."

 मग ती म्हणाली, "बावीस वर्षं मला वाटायचं, तो त्या चिखलात एकटा होता. हाका मारत असेल, कुणी नाही. ते मला झोपू द्यायचं नाही. आता तू सांगतोस, माणूस होतं त्याच्याजवळ. हात होता. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? आणि तूच तो हात काढून घेतलास. आता ह्या दोन गोष्टी मी एकदम कशा धरू, सांग."



नलू पुढे झाली, तिच्याजवळ बसायला. शेवंतीने तिला बसू दिलं, पण मला म्हणाली, "तू जा. रागाने नाही सांगत. तोंड बघवत नाही एवढंच. उद्या काय वाटेल ते उद्या."

मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. होड्या ओढून ठेवल्या होत्या, पलीकडे पुलावरून गाड्या जात होत्या. तासाभराने नलू आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बसस्टॉपवर तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मला सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बरं केलं की तिची जखम उगाच उघडली, हे मला आजही सांगता येणार नाही.

तुला हे कळवायचं होतं, कारण आता तुझ्यापासून लपवलेलं माझ्याकडे काही उरलं नाही. तू बोलली नाहीस तरी ते समजण्यासारखं आहे. बापाने खोटं बोलून तुझ्या पाण्यात यायचं आणि तुझंच नुकसान करून जायचं, याचा राग कुणालाही येईल.

बाबा


६ एप्रिल

रुचा,

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी फार कमी बोललो. फोनवर मला सुचत नाही. म्हणून लगेच लिहायला बसलो.

  तू म्हणालीस, "बाबा, तुमची सगळी पत्रं मिळाली. मी रागावलेली नाहीये."

"मग?"

"मी तुमचा पाय सोडला."

मला काही कळेना. मी म्हटलं, "कधी?"

"वर येताना. सहा मीटरवर. मास्क नव्हता, कानातून कळ येत होती. मला कळलं की तुमच्याबरोबर अशीच वर गेले तर मी मरेन. म्हणून सोडला. तुम्ही एकटे वर गेलात. मी तिथेच दोराला धरून थांबले, अंगातला दाब उतरायला, मिनिटभर. त्या मिनिटात मला माहीत नव्हतं की वर तुम्ही जिवंत आहात की नाही. आणि तरी मी थांबले, बाबा."

तू रडत होतीस. मी दीड महिना समजत होतो की तू माझं तोंड बघायला तयार नाहीस.

"ध्रुवला मी सांगितलं की पकड गेली," तू म्हणालीस. "रिपोर्ट अजून द्यायचाय. तुमची ती रघूकाकांची गोष्ट वाचली आणि मला वाटलं, मीही तेच केलंय. मीही तसंच माणूस आहे."

मी एवढंच म्हणालो, "नाही गं." आणि आईला फोन दिला. चुकलं माझं. आता नीट सांगतो.

तुझा बाप म्हणून नाही, एकतीस वर्षं पाण्यात उतरलेला माणूस म्हणून सांगतो. तू सोडलंस ते बरोबर केलंस. वर जाणारा माणूस वर जात असतो, त्याला धरून कुणी थांबवू शकत नाही. वर बोट होती, माणसं होती, मी दोन मिनिटांत बोटीवर होतो. तू आणखी धरून राहिली असतीस तर नुसता कान नसता गेला. मी जर तुझ्या हाताखाली शिकत असतो आणि तू मला हा प्रश्न परीक्षेत घातला असतास, तर मीही हेच उत्तर लिहिलं असतं.

तू म्हणशील, मग रघूच्या बाबतीत हेच उत्तर का नाही? मला माहीत नाही. मला स्वतःचा हिशोब लागत नाही, रुचा, आणि आता या वयात लागेल असं वाटत नाही. नलू परवा पुन्हा शेवंतीकडे गेली होती. मला बोलावलेलं नाही. कधी बोलावेल, बोलावेल की नाही, काही कळत नाही. पण तुझं मला स्वच्छ कळतं. त्यात मला कणभर शंका नाही.

मी खोटं बोललो, कारण त्या दिवशी धक्क्यावर 'सापडला नाही' म्हणणं सोपं होतं. मग खरं सांगणं रोज थोडंथोडं कठीण होत गेलं, आणि कधीकधी तर मलाच ते खोटं खरं वाटायचं. तू एकोणतीस वर्षांची आहेस. लायसन राहील की जाईल ते त्यांना ठरवू दे. कान बरा झाला की परत पाण्यात जायचं की नाही, ते तू ठरव. मी आता मधे पडणार नाही, आणि घराचं दार तुला केव्हाही उघडं आहे. आई विचारतेय मे महिन्यात येशील का.

ध्रुवला रिपोर्ट देशील तेव्हा एक कर. 'पाय सुटला' असं लिहू नकोस. 'सोडला' लिही.

बाबा